वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या टीव्हीवर मुंग्या आल्या ते साल

मागच्या अंकात आम्ही अमेरिकन टेलिव्हिजनच्या २००९ या सालाचा आढावा घेतला होता. १२ जूनपर्यंत तिथल्या पूर्ण ताकदीच्या सगळ्या केंद्रांनी ॲनालॉग प्रक्षेपण थांबवलं. सप्टेंबरात रेडिओवर आणि मग टीव्हीवर मिळून ७२ वर्षं चाललेली एक मालिका संपली. त्याच महिन्यात एनबीसी या देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या नेटवर्कनं रात्री दहाच्या नाट्यमालिका काढून तिथे रोज गप्पांचा कार्यक्रम बसवला, आणि डिसेंबरात एनबीसीच कॉमकास्ट या केबल कंपनीकडे जाणार असल्याचं जाहीर झालं. पत्रं आली ती मुख्यतः पहिल्या गोष्टीवर. पुण्यातून मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे वाचक खूप आहेत, त्यामुळे प्रश्न अगदी नेमके आले आहेत.

स.न.वि.वि. आमच्याकडेही मध्यंतरी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. अमेरिकेत २००९ मध्ये झाले ते हेच ना? – एक वाचक, कोथरूड

नाही. पुण्याला ३१ मार्च २०१३ ची मुदत होती ती केबलच्या डिजिटायझेशनची, म्हणजे तारेतून येणाऱ्या सिग्नलची. अमेरिकेत बदल झाला तो हवेतून येणाऱ्या सिग्नलचा. ज्यांच्याकडे केबल किंवा डिश होती त्यांचा जुना टीव्हीसुद्धा १३ जूनला सकाळी नेहमीसारखा लागला. ज्यांच्या टीव्हीला फक्त अँटेना होता, त्यांच्या पडद्यावर मुंग्या आल्या.

तिथे प्रत्येक केंद्राला ६ मेगाहर्ट्झ रुंदीची एक पट्टी मिळते. जुन्या एनटीएससी पद्धतीत त्या पट्टीत एकच कार्यक्रम मावायचा. नव्या एटीएससी पद्धतीत तेवढ्याच पट्टीतून सेकंदाला १९.३९ मेगाबिट जातात. त्यात एक एचडी वाहिनी आणि वर एक-दोन साध्या वाहिन्या बसतात. तिथल्या टीव्हीवर ७.१, ७.२ असे आकडे दिसतात ते यामुळे. बरीच वर्षं केंद्रं जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या एकदम चालवत होती. १२ जूनला जुनी बंद झाली.

हे सगळं निव्वळ चित्र सुधारण्यासाठी केलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं. ५२ ते ६९ क्रमांकांची चॅनेलं, म्हणजे ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ, टीव्हीकडून काढून घेतली गेली. त्यातले २४ मेगाहर्ट्झ पोलीस आणि अग्निशमन दलाच्या वायरलेसला राखून ठेवले, आणि उरलेल्यातला मोठा भाग २००८ च्या लिलावात साधारण १९ अब्ज डॉलरला मोबाइल कंपन्यांना गेला. या लहरी भिंतींतून चांगल्या आत शिरतात, म्हणून त्यांना एवढा भाव आला. लहरींचे पैसे सरकारला मिळाले, आणि नवा सिग्नल जुन्या टीव्हीवर दाखवणारा डबा मात्र अँटेनावर टीव्ही बघणाऱ्या घरानं आणायचा होता.

मूळ तारीख १७ फेब्रुवारी होती असे तुम्ही लिहिलेत. ती पुढे का ढकलली? – सिंहगड रोड

कूपनं संपली म्हणून. जुन्या टीव्हीला लावायच्या कन्व्हर्टर बॉक्ससाठी सरकार दर घराला ४० डॉलरची दोन कूपनं देत होतं. पण कूपन ९० दिवसांत वापरलं नाही तर रद्द व्हायचं. बॉक्स दुकानात यायच्या आधीच मागवलेली अनेक कूपनं अशी वाया गेली, आणि तेवढे पैसे हिशोबात अडकून पडले. ४ जानेवारी २००९ ला योजनेची १.३४ अब्ज डॉलरची मर्यादा गाठली गेली आणि प्रतीक्षा यादी सुरू झाली. यादीत मुख्यतः म्हातारी माणसं, खेडी आणि कमी उत्पन्नाची घरं. ओबामांनी ११ फेब्रुवारीला मुदतवाढीच्या कायद्यावर सही केली, म्हणजे मूळ तारखेला सहा दिवस उरले असताना.

तरीही चारशेहून अधिक केंद्रांनी १७ फेब्रुवारीलाच जुना ट्रान्समीटर बंद केला, कारण दोन ट्रान्समीटरची वीज परवडत नव्हती. हवाईने तर १५ जानेवारीलाच बदल उरकला. तिथे हालेआकाला पर्वतावरचे जुने मनोरे पाडायचे होते, आणि ते काम दुर्मिळ पेट्रेल पक्ष्यांच्या विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत संपवायचं होतं. संपूर्ण प्रयोग सगळ्यात आधी ८ सप्टेंबर २००८ ला उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात करून पाहिला होता.

बंद करतानाची एक गोष्ट मात्र चांगली केली. काही केंद्रांनी जुना सिग्नल आणखी काही दिवस चालू ठेवला, पण त्यावर कार्यक्रम नव्हते. बॉक्स कसा जोडायचा आणि मदतीला कुठे फोन करायचा, एवढीच माहिती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये सतत दिसत राहायची. त्याला ‘नाइटलाइट’ म्हणत. अचानक मुंग्या दिसल्या की माणूस टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिककडे जातो. ही पाटी दिसली की कारण कळतं.

मुलीकडे फिलाडेल्फियाजवळ असतो तेव्हा खिडकीत चिकटवायचा चपटा अँटेना वापरतो. बाकी सगळे लागते, एक-दोन चॅनेले मात्र येतात आणि गोठतात. जावईबापू म्हणतात ॲम्प्लिफायर घ्या. घ्यावा का? – औंध

आधी घेऊ नका. तुमची अडचण २००९ च्या त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात हजारो घरांना आली होती, आणि तिचं कारण ताकदीपेक्षा वेगळं आहे.

टीव्हीवर दिसणारा ६.१ किंवा ७.१ हा आकडा पाटीवरच्या नावासारखा असतो. केंद्र खरोखर कोणत्या चॅनेलवर आहे हे त्यावरून कळत नाही. फिलाडेल्फियाचं ‘सहा नंबर’चं केंद्र बदलाच्या काळात डिजिटलसाठी ६४ व्या चॅनेलवर होतं. १२ जूनला ते परत खऱ्या ६ वर आलं. शिकागोचं ‘सात नंबर’ ५२ वरून ७ वर आलं. लोकांनी बॉक्ससोबत घेतलेले छोटे अँटेना यूएचएफसाठी, म्हणजे १४ आणि त्यावरच्या चॅनेलांसाठी बनवलेले, आणि ही केंद्रं व्हीएचएफवर, म्हणजे २ ते १३ मध्ये. दोन्ही केंद्रांना नंतर परवानगी काढून ताकद वाढवावी लागली.

आता तुमचं काम. एफसीसी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ‘डीटीव्ही मॅप्स’ नावाचं पान आहे. तिथे मुलीच्या घरचा झिप कोड टाका. प्रत्येक केंद्रासमोर त्याचं खरं चॅनेल, सिग्नलचा जोर आणि मनोऱ्याची दिशा मिळते. रुसलेलं चॅनेल २ ते १३ मध्ये असेल, तर चपटा अँटेना बाजूला ठेवा आणि ओढून लांब करता येणाऱ्या दोन दांड्यांचा, सशाच्या कानांसारखा अँटेना आणा. दांडीची लांबी महत्त्वाची आहे:

६ व्या चॅनेलसाठी प्रत्येक दांडी साधारण ८४ सेंटिमीटर.
७ ते १३ साठी ३५ ते ४० सेंटिमीटर. इथे दांडी पूर्ण ओढली तर उलट सिग्नल पडतो, आणि बहुतेक लोक हीच चूक करतात.
१४ आणि त्यावरच्या चॅनेलांसाठी दांड्या उपयोगाच्या नाहीत. अँटेनावरची कडी किंवा तुमचा चपटा अँटेनाच ते काम करतो.

दांड्या इंग्रजी व्ही सारख्या उभ्या न ठेवता दोन्ही बाजूंना आडव्या पसरा. मनोरा त्या आडव्या रेषेच्या समोर यायला हवा, टोकाच्या दिशेला नको. टोकाकडून हा अँटेना जवळजवळ काहीच पकडत नाही. खालच्या चॅनेलांना घरातल्या विजेचा फार त्रास होतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, मिक्सर यांपासून अँटेना दोन मीटर लांब ठेवा. कुठला दिवा त्रास देतो ते एकेक बंद करून सहज कळतं.

हे करताना डोळ्यांवर विसंबू नका. पूर्वी पुण्यात गच्चीवर एक जण सिंहगडाच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, ‘आलं, आलं… गेलं, मागे घे!’ ॲनालॉगमध्ये ते जमायचं, कारण चित्र हळूहळू सुधारायचं. अमेरिकन डिजिटलला गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल जास्त सिग्नल लागतो. तेवढा मिळाला की चित्र लख्ख, त्याच्या किंचित खाली चौकोन पडतात आणि मग काळा पडदा. मधली पायरी नाही. म्हणून टीव्हीच्या मेनूत ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ किंवा ‘सिग्नल क्वालिटी’ची पट्टी उघडा आणि ती बघत अँटेना एका वेळी हातभरच हलवा. पट्टी सावरायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबा. चित्र येण्याइतपत मिळालं म्हणून तिथेच सोडू नका, पट्टीला थोडी शिल्लक राहू द्या. नाहीतर ट्रक गेला किंवा विमान उडालं की परत गोठतं. भिंतीवर, ट्रकवर आदळून आलेला सिग्नल थोडा उशिरा पोचतो आणि मूळ सिग्नलमध्ये कालवतो. जुन्या टीव्हीवर हाच दोष चित्रामागे सावलीसारखा दिसायचा.

शेवटी चॅनेलं नव्यानं शोधा. मेनूत ‘केबल’ नव्हे, ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ निवडलं आहे ना ते बघा. केंद्रानं जागा बदललेली असेल तर कधी कधी जुनी नोंद टीव्हीच्या डोक्यातून जात नाही. त्यासाठी अँटेनाची वायर काढा, तशीच शोध चालवा म्हणजे यादी रिकामी होईल, टीव्ही बंद करून मिनिटभर प्लग काढा, मग वायर लावून परत शोध चालवा. २००९ मध्ये सरकारी हेल्पलाइनवर हाच उपाय सांगत होते.

ॲम्प्लिफायर लागतो तो अँटेनापासून टीव्हीपर्यंतची वायर लांब असेल तेव्हा, आणि तोही अँटेनापाशी लावायचा, टीव्हीपाशी नाही. टीव्हीपाशी लावला तर तोपर्यंत वायरमध्ये शिरलेला गोंगाटही तो तेवढाच मोठा करतो. मनोरा जवळ असेल तर ॲम्प्लिफायरनं सिग्नल तुंबतो आणि येणारी चॅनेलंही जातात.

जाता जाता: जुन्या ६ व्या चॅनेलचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्झवर असायचा, म्हणजे एफएम रेडिओच्या अगदी डाव्या टोकाला. फिलाडेल्फियात लोक गाडीत बसून त्या केंद्राच्या बातम्या ऐकायचे. १२ जूनपासून तेही बंद झालं.

मुलाच्या तळघरात जुना डबा टीव्ही आणि तो कूपनवाला बॉक्स आहे. चालेल? – सहकारनगर

चालेल. अँटेना बॉक्सच्या ‘अँटेना इन’ला लावा. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-पांढरी-लाल वायर असेल तर तीच वापरा, चित्र जास्त स्वच्छ येतं. ती सोय नसेल तर गोल वायर लावून टीव्ही ३ किंवा ४ नंबरवर ठेवा. कोणता नंबर ते बॉक्सच्या मागच्या बटणावरून ठरतं. त्यानंतर चॅनेल फक्त बॉक्सच्या रिमोटनं बदलायचं. चारही बाजूंनी काळी पट्टी येऊन मधे टपाल तिकिटाएवढं चित्र दिसलं तर रिमोटवरचं ‘झूम’ दाबा. व्हीसीआरवर टायमर लावणार असाल तर व्हीसीआर ३ वर राहील, पण बॉक्स आधीच हव्या त्या चॅनेलवर लावून चालू ठेवावा लागतो, कारण व्हीसीआर बॉक्सचं चॅनेल बदलू शकत नाही. त्या वर्षी बऱ्याच आजी-आजोबांची दुपारची मालिका यामुळेच रेकॉर्ड व्हायची राहिली.

पुतण्या कायमचा परत येतोय. ५५ इंची टीव्ही तिकडून आणू म्हणतो. आणावा का? – सदाशिव पेठ

आमचं मत : आणू नये. तरी निर्णय घेण्याआधी त्याला चार गोष्टी तिथेच तपासायला सांगा.

टीव्हीच्या पाठीवरचं लेबल. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर फक्त पिन बदलून चालेल. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर इथे थेट लावताच पॉवर सप्लाय जळेल. मग २३० चे ११० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, टीव्हीच्या वॉटच्या निदान दुप्पट क्षमतेचा. १५० वॉटच्या टीव्हीला ३०० व्हीए. घरातला स्टॅबिलायझर हे काम करत नाही.

एचडीएमआय. लोक इथेच फसतात. आपले डिशचे आणि केबलचे बॉक्स सेकंदाला ५० चौकटींच्या हिशोबानं चित्र देतात, अमेरिकन टीव्ही ६० वर वाढलेला असतो. काही टीव्ही दोन्ही घेतात, काही ‘मोड नॉट सपोर्टेड’ म्हणून हात वर करतात. मॅन्युअलमध्ये एचडीएमआयच्या तक्त्यात ‘१०८०आय, ५० हर्ट्झ’ आणि ‘७२०पी, ५० हर्ट्झ’ दिलेलं आहे का ते बघावं. नसेल तर स्ट्रीमिंग स्टिक आणि लॅपटॉप चालतील, मराठी वाहिन्यांचा बॉक्स चालेलच असं नाही. पिवळ्या वायरीनं लावलात तर चित्र काळंपांढरं येऊन वर सरकत राहील. तो तिकडची एनटीएससी आणि इकडची ‘पाल’ (PAL) या दोन ॲनालॉग पद्धतींचा जुना झगडा आहे.

ट्यूनर. मार्च २००७ पासून ट्यूनर असलेल्या तिथल्या प्रत्येक टीव्हीत एटीएससी ट्यूनर सक्तीचा आहे. भारतात दूरदर्शनची हवेतली डिजिटल पद्धत डीव्हीबी-टी२ आहे. दोघांचं जमत नाही, त्यामुळे इथे अँटेना लावून शोध चालवला तर यादी रिकामीच येईल.

आणि कस्टम. ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट टीव्ही प्रवाशाच्या करमुक्त सामानातून काढला गेला. येण्याआधी त्या वेळचा दर बघून घ्यावा. त्यात पॅनेलची वॉरंटी बहुधा इकडे चालत नाही, म्हणजे वाटेत चीर गेली की संपलं.

एनबीसीचा दहाचा कार्यक्रम चार-पाच महिन्यांत बंद का पडला? स्वस्त होता तर तोटा कसा? – डेक्कन

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण याचं उत्तर आपल्या वाहिन्यांवरून समजत नाही. मराठी वाहिनी पुण्यात, नागपुरात, रत्नागिरीत एकच असते. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नेटवर्क कार्यक्रम पुरवतात, पण गावोगावची बरीच केंद्रं दुसऱ्याच मालकांची असतात. रात्री आठ ते अकरा नेटवर्कचं, अकराला केंद्राच्या स्वतःच्या बातम्या. त्या बातम्यांच्या जाहिरातींवर केंद्राचं पोट चालतं, आणि बातम्यांना प्रेक्षक मिळतो तो दहाच्या मालिकेनंतर टीव्हीसमोर बसून राहिलेला.

एनबीसीच्या याच दहाच्या वेळेला गुरुवारी ‘ईआर’ ही रुग्णालयाची मालिका १५ वर्षं होती. ती २ एप्रिल २००९ ला संपली. १ जूनला कोनन ओब्रायननं रात्री ११.३५ च्या ‘टुनाइट शो’ या गप्पांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन ‘जे लेनो’कडून घेतलं, आणि लेनो दुसरीकडे जाऊ नये म्हणून १४ सप्टेंबरपासून त्याला आठवड्यातून पाच दिवस दहाची वेळ दिली. तासाभराच्या नाट्यमालिकेच्या एका भागाला तेव्हा तीस लाख डॉलरच्या आसपास खर्च यायचा, गप्पांचा कार्यक्रम त्याच्या एका अंशात व्हायचा. नेटवर्कच्या वहीत ते गणित बरोबर होतं. केंद्रांच्या वहीत चुकलं. दहाचा प्रेक्षक घटला तसा अकराच्या बातम्यांचाही घटला, आणि नोव्हेंबरात, जेव्हा स्थानिक जाहिरातींचे दर ठरवणारं मोजमाप होतं, ते आकड्यांत उतरलं. बॉस्टनच्या केंद्रानं तर एप्रिलमध्येच हा कार्यक्रम दाखवायला नकार देऊन दहाला बातम्या लावायचं ठरवलं होतं. एनबीसीनं संलग्नता काढून घ्यायची धमकी दिल्यावर ते वळलं.

जानेवारी २०१० मध्ये लेनोला ११.३५ ला अर्धा तास आणि ‘टुनाइट शो’ १२.०५ ला असा तोडगा निघाला. कोननला तो मान्य नव्हता. २२ जानेवारीला त्याचा शेवटचा भाग झाला, ९ फेब्रुवारीला दहाचा कार्यक्रम संपला आणि १ मार्चला लेनो जुन्या जागी परतला. मधल्या मधे ‘साउथलँड’ ही पोलीस मालिका दुसरं पर्व सुरू व्हायच्या आत एनबीसीनं सोडली. ती टीएनटी या केबल वाहिनीनं उचलली. नाट्यमालिका केबलकडे सरकत होत्याच, दहाची वेळ मोकळी करून एनबीसीनं त्यांना वाट करून दिली, असं आम्हाला वाटतं.

७२ वर्षांची ती मालिका कोणती? – बिबवेवाडी

‘गायडिंग लाइट’. २५ जानेवारी १९३७ ला रेडिओवर, १९५२ पासून सीबीएस टीव्हीवर, शेवटचा भाग १८ सप्टेंबर २००९. निर्माते साबण-डिटर्जंट विकणारे प्रॉक्टर अँड गॅम्बल. दुपारच्या अशा मालिकांना ‘सोप’ म्हणतात ते अशा साबणवाल्यांवरूनच. डिसेंबरात सीबीएसनं त्यांची दुसरी जुनी मालिका ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ही बंद करायचं जाहीर केलं. ती सप्टेंबर २०१० मध्ये संपली.

कॉमकास्ट आणि एनबीसीचे काय? – पिंपरी

३ डिसेंबर २००९ ला घोषणा झाली : कॉमकास्टला ५१ टक्के, जनरल इलेक्ट्रिककडे ४९. मंजुऱ्या मिळून व्यवहार जानेवारी २०११ मध्ये पुरा झाला. घरात तार टाकणारा आणि तारेतून येणारा कार्यक्रम बनवणारा एकच झाला, म्हणून त्याला सरकारी अटी लागल्या.

तिथे अँटेनावर फुकट एचडी दिसते. पुण्यात मासिक पैसे न भरता काय लावता येईल? – धनकवडी

सगळ्यात सोपी डीडी फ्री डिश. मासिक पैसे नाहीत, बॉक्स आणि छत्री एकदाच घ्यायची. जुना एमपेग-२ बॉक्स घेऊ नका, एमपेग-४ चा घ्या, त्यात वाहिन्या जास्त लागतात. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून होकायंत्रावर साधारण १३२ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. ऑफसेट छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसत नाही. तिची बनावटच अशी असते की खऱ्या कोनापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली वळल्यासारखी वाटते, म्हणून छत्रीच्या मागचा कोनाचा आकडा वाचा. आग्नेयेला शेजारची इमारत किंवा नारळ आडवा नको. जुलैच्या जोरदार सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका, पाऊस ओसरला की ते आपोआप परत येतं.